कार्लटनचे सभासदत्व : तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची आणि शेजारचे वाद

मेलबर्नमधल्या मराठी घरांत ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा प्रश्न बहुधा मुले शाळेत जाऊ लागली की येतो. वर्गातले प्रत्येक मूल कोणत्या ना कोणत्या संघाचे असते आणि ‘तुझा संघ कोणता?’ या प्रश्नाला ‘कोणताच नाही’ हे उत्तर तिथे कोणी मान्य करीत नाही. आमच्या मुलीने मैत्रिणीच्या देखादेखी कार्लटन निवडला आणि घरी येऊन निर्णय जाहीर केला. २०२३ च्या हंगामापासून तिचे बालसभासदत्व आणि माझे राखीव खुर्चीचे सभासदत्व, अशी दोन सभासदत्वे आम्ही घेत आलो आहोत. तीन हंगाम संपले आहेत, चौथ्याच्या नूतनीकरणाचा ईमेल समोर आहे आणि या पैशांत नेमके काय पदरात पडते, असे ओळखीतले दोघे-तिघे विचारीत आहेत. म्हणून हा हिशेब मांडते आहे.

कागदावर पदरात पडते ते थोडके आहे. घरच्या सामन्यांना प्रवेश, आपल्या नावाची खुर्ची, गडद निळ्या रंगाचा एक गळपट्टा किंवा टोपी, गाडीच्या काचेला लावायचे स्टिकर आणि फोनमध्ये ठेवायचे कार्ड. अंतिम फेरीची तिकिटे निघतात तेव्हा सभासदांना आम जनतेच्या आधी संधी मिळते. मात्र संघ तिथवर पोहोचला तरच तिचा उपयोग, हे वेगळे सांगायला नको. किमती दर वर्षी बदलतात आणि खुर्ची मैदानाच्या किती जवळ आहे त्यावर ठरतात, म्हणून आकडा देत नाही. तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची मध्यमवर्गीय घराला जड जात नाही, एवढे सांगता येईल. २०२४ मध्ये या क्लबाच्या सभासदांची संख्या एक लाखाच्या वर गेली, तेव्हा परवडणारे बरेच आहेत असे दिसते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मैदान क्रिकेटचेच, लंबवर्तुळाकार, चेंडूही लंबगोल, एका बाजूला अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून पायाने मारलेला चेंडू गेला तर गोल आणि ६ गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर बिहाइंड आणि १ गुण. वीस-वीस मिनिटांचे चार क्वार्टर असतात, पण थांबलेला वेळ मोजला जात नसल्यामुळे प्रत्येक क्वार्टर अर्ध्या तासाच्या घरात जातो. प्रतिस्पर्ध्याला चेंडूसकट पकडले की पंचाने शिट्टी वाजवावी, म्हणून सारे प्रेक्षागृह एका दमात ‘बॉल!’ असे ओरडते. नियम कळण्याआधी ही आरोळी कळते आणि पहिल्या हंगामात तेवढ्यावर भागते.

मी कोल्हापूरची आहे, हे इथे नोंदवणे आवश्यक आहे. ज्याने शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना पाहिला आहे, ज्याच्या घरात पेठेवरून आणि तालमीवरून निष्ठा ठरते, त्याला कार्लटन, कॉलिंगवूड, रिचमंड, एसेंडन ही नावे समजावून सांगावी लागत नाहीत. तीही मुळात मेलबर्नच्या पेठांचीच नावे आहेत. क्लब आता देशभराच्या लीगमध्ये खेळतात, खेळाडू कुठूनही येतात, पण कॉलिंगवूडविषयीचा कार्लटनवाल्यांचा राग अजून शेजारच्या गल्लीविषयी असावा तसाच आहे. माझे वडील फोनवर क्लबाला ‘तुझी तालीम’ म्हणतात आणि दर सोमवारी विचारतात, “काय गं, ह्या आठवड्यात तरी जिंकली काय तुझी तालीम?”

सोयीसुविधांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. क्लबाचे मूळ मैदान प्रिन्सेस पार्क. तिथे पुरुषांचे लीग सामने २००५ पर्यंत होत असत, आता सराव आणि महिलांचे सामने होतात. २०१७ मध्ये महिला लीगचा पहिला सामना तिथेच, कॉलिंगवूडविरुद्ध झाला, तेव्हा जागा भरल्यामुळे लोकांना दारातून परतावे लागले होते. पुरुषांचे घरचे सामने डॉकलंड्सच्या छतवाल्या स्टेडियममध्ये आणि एमसीजीवर वाटलेले असतात. डॉकलंड्सला तिसऱ्या मजल्यावरून खाली पाहताना सुरुवातीला पोटात गोळा येतो, इतक्या पायऱ्या चढणीच्या आहेत; परंतु हा खेळ उंचावरूनच नीट दिसतो. चेंडू एका बाजूला असताना दुसऱ्या बाजूला कोण मोकळा पळतो आहे, हे खालच्या महागड्या खुर्चीतून कधीच कळत नाही. पावसात छत बंद होते, ही मेलबर्नच्या हिवाळ्यात लहान गोष्ट नव्हे. खाण्याच्या एका टपरीवर पंधरा मिनिटे रांगेत उभे राहून थंडगार ‘मीट पाय’ (खिमा भरलेली पेस्ट्री) हातात पडल्यापासून मी डब्यातून दडपे पोहे नेते. खरी अडचण वेळापत्रकाची आहे: हंगामातल्या पुढच्या फेऱ्यांचे वार आणि वेळा लीग टप्प्याटप्प्याने जाहीर करते, त्यामुळे ऑगस्टमधला सामना गुरुवारी रात्री आहे की रविवारी दुपारी, हे मार्चमध्ये सांगता येत नाही. शाळकरी मूल असलेल्या घराने हे लक्षात घेऊनच पैसे भरावेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. सभासदत्वाच्या माहितीपत्रकात ज्याचा उल्लेख नाही आणि ज्यासाठी मी मुख्यतः पैसे भरते, ती गोष्ट म्हणजे शेजार. राखीव खुर्ची घेतली की शेजारीही राखीव होतात. माझ्या उजवीकडे सत्तरीचे एक इटालियन वंशाचे आजोबा बसतात. कानात रेडिओची वायर, मांडीवर थर्मास. १९७० चा अंतिम सामना त्यांनी वडिलांच्या बरोबर उभ्याने पाहिला. त्या दिवशी १,२१,६९६ प्रेक्षक होते, मध्यंतराला कार्लटन कॉलिंगवूडच्या ४४ गुणांनी मागे होता आणि शेवटी १० गुणांनी जिंकला. समोरच्या रांगेत एक परिचारिका आपल्या भावाला घेऊन येते. तिचे मत दर आठवड्याला बदलते, पण ज्या आठवड्याला जे असते ते पूर्ण जोराने असते. सामना सुरू असताना हे लोक फारसे बोलत नाहीत. क्वार्टर संपला की सहा मिनिटांचे अधिवेशन भरते आणि त्यात तीनच विषय असतात: प्रशिक्षक, भरती आणि कोण बरा खेळतो आहे, कोण नाही.

प्रशिक्षकाच्या प्रश्नावर माझे आणि आजोबांचे पहिल्या हंगामापासून पटलेले नाही. त्यांचे म्हणणे सरळ आहे: संघ हरतो आहे, म्हणजे प्रशिक्षक चुकतो आहे. त्यांच्या लेखी प्रशिक्षक म्हणजे १९७० च्या मध्यंतरात आपल्या खेळाडूंना न भिता हाताने चेंडू पुढे द्यायला सांगणारा रॉन बरासी, किंवा १९९५ मध्ये नियमित हंगामात फक्त दोन सामने गमावून जीलाँगला अंतिम सामन्यात ६१ गुणांनी हरवणाऱ्या संघाचा डेव्हिड पार्किन. त्या विजेतेपदानंतर मात्र एकही आलेले नाही. सोळा विजेतेपदांचा हा क्लब १९९५ वरच थांबला आहे आणि मधल्या काळात प्रशिक्षक बदलून पाहण्यात कसूर झालेली नाही. ब्रेट रॅटनने २००९ ते २०११ अशी सलग तीन वर्षे संघाला बाद फेरीत नेले. २०१२ मध्ये ती हुकली आणि तो गेला. त्याच्या जागी मिक माल्टहाउस हे मोठे नाव आणले. २०१५ मध्ये सर्वाधिक सामन्यांच्या प्रशिक्षकपदाचा विक्रम त्यांच्या नावावर झाला आणि काही आठवड्यांतच त्यांना घरी पाठवले. ब्रेंडन बोल्टनला पुनर्बांधणीसाठी वेळ देऊ असे सांगितले. ७७ सामन्यांत १६ विजय मिळाल्यावर, २०१९ च्या जूनमध्ये, तो वेळ संपला. मग हंगामी म्हणून आलेल्या डेव्हिड टीगने अकरापैकी सहा सामने जिंकताच त्यालाच कायम करा असा समर्थकांनी धोशा लावला. क्लबाने तो मानला आणि दोन वर्षांनी, बाहेरच्या लोकांकडून परीक्षण करवून, करार शिल्लक असतानाच त्याला काढले. हंगामी प्रशिक्षकाच्या नावाने जयजयकार करणारे आणि नंतर त्याच्या हकालपट्टीवर समाधान व्यक्त करणारे लोक फार वेगळे नव्हते. आजोबा दोन्हींत होते, हे त्यांनीच प्रांजळपणे सांगितले.

मायकल व्हॉस २०२२ मध्ये आला. ब्रिस्बेनचा कर्णधार म्हणून २००१ ते २००३ अशी तीन विजेतेपदे मिळवलेला, पण प्रशिक्षक म्हणून ब्रिस्बेनमध्ये अपयशी ठरलेला माणूस. त्याच्या पहिल्या वर्षी संघ शेवटचे चारही सामने हरला. अखेरच्या फेरीत कॉलिंगवूडकडून एका गुणाने हरून बाद फेरी टक्केवारीवर, म्हणजे केलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या प्रमाणावर, हुकली. हे मी वाचून जाणते. २०२३ मात्र मी तिसऱ्या मजल्यावरून पाहिले. जूनमध्ये संघ गुणतक्त्यात पंधरावा होता आणि व्हॉसला आजच्या आज काढा, असे आमच्या रांगेतले बहुमत होते. परिचारिकेने तर पुढच्या प्रशिक्षकाचे नावही ठरवले होते. त्यानंतर सलग नऊ सामने जिंकले. दहा वर्षांनी मिळालेल्या बाद फेरीत सिडनीला ६ गुणांनी आणि मेलबर्नला २ गुणांनी हरवले, दुसऱ्या सामन्यात ब्लेक एकर्सचा गोल शेवटच्या मिनिटात झाला, आणि उपांत्य सामन्यात ब्रिस्बेनच्या मैदानावर जोरदार सुरुवात करूनही १६ गुणांनी हार पत्करावी लागली. प्रशिक्षक तोच, खेळाडू तेच. जूनमध्ये आम्ही जे पाहून त्याला काढायला निघालो होतो ते खोटे नव्हते. त्याचा अर्थ लावण्यात आमची घाई झाली होती.

म्हणून २०२५ मध्ये पुन्हा तीच मागणी सुरू झाली तेव्हा मी गप्प राहिले. अर्थात गप्प राहणे सोपे नव्हते. पहिल्याच सामन्यात, आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या रिचमंडविरुद्ध, ४१ गुणांची आघाडी घेऊन संघ १३ गुणांनी हरला. पहिले चारही सामने गेले. पूर्वार्धात बरोबरीने किंवा वरचढ खेळायचे आणि मध्यंतरानंतर पाय जड झाल्यासारखे दिसायचे, हे इतक्या वेळा झाले की आजोबा तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच थर्मासचे झाकण लावून ठेवू लागले. आता चहा पिण्यासारखे काही राहिले नाही, असा त्याचा अर्थ. नऊ विजय, चौदा पराभव आणि अकरावा क्रमांक. दमछाक झालेला संघ चेंडू पायाने आडवातिडवा पुढे ढकलतो आणि मोकळा माणूस शोधण्याचे कष्ट घेत नाही, हा दोष प्रशिक्षणाचा आहे, एवढे मी आजोबांना देऊन टाकले. पण प्रशिक्षकाच्या हाती जी माणसे दिली आहेत ती कोणी निवडली, हा प्रश्न त्यांना मागे ढकलता येणार नाही, हे माझे म्हणणे कायम आहे.

भरतीची ही बाजू आपल्याकडच्या वाचकाने नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण आयपीएलच्या लिलावाची सवय झालेल्याला ती प्रथम उलटी वाटते. इथे पैशाने खेळाडू विकत घेता येत नाही. वेतनावर सर्वांना सारखी मर्यादा. नवे तरुण खेळाडू ड्राफ्टमधून, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने करायच्या निवडीतून, आणि त्यात शेवटच्या क्रमांकाच्या संघाची निवड पहिली. दुसऱ्या क्लबाचा करारबद्ध खेळाडू हवा असेल तर ऑक्टोबरमध्ये त्याच्या बदल्यात आपला खेळाडू किंवा ड्राफ्टमधली आपली पाळी द्यायची. आठवडी बाजारात शेळी देऊन ज्वारी घ्यावी तसा हा व्यवहार आहे. त्याला खेळाडूची संमती लागते, हे मात्र शेळीपेक्षा वेगळे. अशा व्यवस्थेत एकदा केलेली चूक पैसे टाकून निस्तरता येत नाही, ती दहा वर्षे अंगावर राहते. कार्लटनने हे सर्वांत कठोरपणे अनुभवले आहे. वेतनमर्यादा लपवून ओलांडल्याबद्दल २००२ मध्ये दंड झाला आणि ड्राफ्टच्या पहिल्या दोन निवडी गेल्या. त्याच वर्षी क्लब इतिहासात प्रथमच तळाला गेला होता. जे दोन मुलगे निळ्या कपड्यांत यायचे, त्यांपैकी ब्रेंडन गॉडर्ड सेंट किल्डाकडे आणि डॅनियल वेल्स नॉर्थ मेलबर्नकडे गेला.

यानंतर २००५, २००६ आणि २००७ अशी सलग तीन वर्षे पहिली निवड कार्लटनकडे आली: मार्क मर्फी, ब्राइस गिब्स, मॅथ्यू क्रूझर. तिघेही चांगले खेळाडू. एकालाही कार्लटनमध्ये विजेतेपद दिसले नाही. आणि २००७ मध्ये तो व्यवहार झाला ज्यावर आमच्या रांगेत आजही दोन तट आहेत. वेस्ट कोस्टकडून क्रिस जड आणला, बदल्यात ड्राफ्टमधली तिसरी आणि विसावी निवड आणि विशीतला फॉरवर्ड जॉश केनेडी दिला. जड थोर खेळाडू होता. २०१० चे ब्राउनलो पदक, म्हणजे पंचांच्या मतांनी हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे पदक, त्याने निळ्या कपड्यांत जिंकले, आणि पडत्या काळात लोकांना मैदानावर यावेसे वाटले ते त्याच्यामुळे, हे आजोबांचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु केनेडीने वेस्ट कोस्टसाठी ७१२ गोल मारले, लीगमध्ये सर्वाधिक गोलांचे कोलमन पदक दोनदा घेतले आणि २०१८ च्या विजेतेपदात तो होता. माझे मत असे की हा व्यवहार वाईट नव्हता, वेळ वाईट होती: ज्या घराचा पाया अजून भरायचा आहे त्याने सोन्याचा कळस आणला. आजोबांना हे वाक्य इंग्रजीत समजावून सांगताना माझी बरीच तारांबळ झाली आणि ते त्यांना पटलेही नाही.

अलीकडच्या भरतीविषयी मला राग कमी आणि कोडे जास्त आहे. पॅट्रिक क्रिप्स २०१३ मध्ये तेरावी निवड म्हणून मिळाला, जेकब वाइटरिंग आणि सॅम वॉल्श पहिल्या निवडीत आले. या तिघांबद्दल कोणाला काही म्हणता येणार नाही. क्रिप्सने २०२२ मध्ये आणि २०२४ मध्ये ब्राउनलो पदक जिंकले, दुसऱ्या वेळी ४५ मतांच्या विक्रमासह. बाहेरून ॲडम सेरा, ॲडम साद, जॉर्ज ह्युएट आले. तरी २०२४ च्या हंगामानंतर मॅट ओवीससारखा चपळ, बुटका फॉरवर्ड आणि मॅथ्यू केनेडीसारखा कष्टाळू मिडफील्डर जाऊ दिला, आणि अनेक निवडी एकत्र बांधून ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर जॅगा स्मिथ घेतला. या मुलाचे नाव आमच्या घरी पहिल्या दिवसापासून ‘जग्गा’ असेच झाले आहे. त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध हंगाम सुरू होण्याआधीच तुटला आणि २०२५ मध्ये तो एकही सामना खेळला नाही. हा नशिबाचा भाग, त्याचे खापर निवड करणाऱ्यांवर फोडणे अन्यायाचे आहे. परंतु सगळी पुंजी एका पोरावर लावली की नशिबाला जागा जास्त मिळते, हेही खरे.

माझ्या वडिलांनी या बाबतीत जे पाहिले ते मला तीन वर्षांत शब्दांत मांडता आले नव्हते. गेल्या हिवाळ्यात ते इथे आले असताना मी त्यांना मुलीच्या खुर्चीवर बसवून सामना दाखवला. डोक्याला मफलर, पायांवर घोंगडी. पहिली दहा मिनिटे त्यांनी चेंडू गोल का नाही यावर घालवली. मग ते गप्प झाले आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये बोट दाखवत म्हणाले, “वर उड्या मारणारे दोघं हायती, झकास मारत्यात. पण खाली पडल्याला चेंडू उचलाय एक बी गडी न्हाई. आपल्या पेठेत असं पोरगं मैदानात उतरवलं नसतं काय कुणी?” खाली खरोखर तेच चालले होते. मधून उंच, लांब मारलेला चेंडू दोन उंच फॉरवर्डांच्या डोक्यावर यायचा, तीन बचावपटू त्यावर हात मारायचे, चेंडू जमिनीवर पडायचा आणि तिथे फक्त प्रतिस्पर्ध्याचे बुटके, वेगवान पाय असायचे. मग चेंडू दुसऱ्या टोकाला पळवला जायचा. मी हे आजोबांना भाषांतर करून सांगितले. त्यांनी कानातली वायर काढली, वडिलांकडे नीट पाहिले आणि त्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला. उरलेला सामना दोघांनी एकमेकांच्या भाषेचे अक्षर न समजता, बोटांनी मैदान दाखवत, एकत्र पाहिला. उत्तरार्धात थर्मासचे झाकण पुन्हा उघडले गेले, ते वडिलांना चहा देण्यासाठी.

वैयक्तिक कामगिरीच्या चर्चेत मात्र हा शेजार मला कधी कधी नकोसा होतो. हॅरी मकाय हा २०२१ चा कोलमन विजेता. समोरून, शांतपणे घ्यायच्या किकमध्ये तो चुकतो, म्हणून कित्येकदा तो सरळ मारण्याऐवजी बाजूने वळून, चेंडूला वळण देऊन मारतो. तो धावायला लागला की आमच्या मजल्यावर जो सुस्कारा उठतो, तो त्याला खाली ऐकू येत असणार. २०२५ च्या सुरुवातीला मानसिक आरोग्याच्या कारणासाठी तो काही काळ संघाबाहेर होता, हे क्लबाने जाहीर केले होते. परतल्यावर त्याला उभे राहून टाळ्या देणारे आणि तिसऱ्या चुकलेल्या किकनंतर त्याला शिव्या देणारे लोक याच रांगांमध्ये होते. मुलीने मला विचारले, की काका ओरडले म्हणजे तो बरोबर मारेल का. मी तिला पोहे दिले.

चार्ली कर्नोचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. २०२२ आणि २०२३ असे सलग दोन वर्षे कोलमन पदक, दुसऱ्या वर्षी नियमित हंगामात ७८ गोल. आणि २०२५ मध्ये त्याच्या निम्म्याहूनही कमी. गुडघा, कमी झालेला सराव, त्याच्याकडे येणारा वाईट चेंडू, की मन उडाले होते? परिचारिकेच्या मते सर्वच, आठवड्यानुसार. २०२९ पर्यंतचा करार असताना त्याने सिडनीला जायचे ठरवले आणि ऑक्टोबरमध्ये क्लबाने विल हेवर्ड, ओली फ्लोरेंट आणि पहिल्या फेरीच्या निवडींच्या बदल्यात त्याला जाऊ दिले. त्याच महिन्यात टॉम डी कोनिंग आणि जॅक सिल्वान्यी हे दोघे सेंट किल्डाला गेले. सिल्वान्यी हे नाव या क्लबात तीन पिढ्यांचे आहे, आणि ते दुसऱ्या रंगांत पाहणे आजोबांना जड जाणार आहे. मला स्वतःला कर्नोचा व्यवहार योग्य वाटतो. मन नसलेला माणूस करारावर बोट ठेवून थांबवता येतो, खेळवता येत नाही. आणि मिळालेल्या दोघांना पळता येते. गोल्ड कोस्टचा बेन एन्सवर्थही आला आहे, म्हणजे जमिनीवरचा चेंडू उचलायला कोणीतरी हवे, हे आता वरच्यांनाही पटलेले दिसते. शिवाय वडिलांनी क्लबासाठी शंभर सामने खेळलेले असतील तर मुलावर क्लबाचा पहिला हक्क, या नियमाने १९८७ आणि १९९५ च्या विजेत्या संघांतल्या पीटर डीनचा मुलगा हॅरी २०२५ च्या ड्राफ्टमध्ये आला. घराणेशाहीला नियमाचा आधार असलेली ही एकच लीग मी पाहिली आहे, आणि इतर बाबतींत घराणेशाहीच्या विरोधात असूनही या नियमाविरुद्ध बोलायला माझी जीभ रेटत नाही.

व्यवहाराचे बोलायचे तर, वर्षाला चारच सामने होणार असतील त्यांनी राखीव खुर्ची घेऊ नये. तीन किंवा पाच सामन्यांचा संच घ्यावा किंवा वेळेवर तिकीट काढावे, स्वस्त पडेल. मुलांसाठीचे सभासदत्व मात्र नक्की घ्यावे, त्यात मिळणाऱ्या वस्तूंतच खर्च वसूल होतो. राखीव खुर्ची घेणाऱ्यांनी तिसऱ्या मजल्यावर, मध्यरेषेच्या जवळ, पायवाटेपासून चार खुर्च्या आत घ्यावी, नाहीतर दर गोलला कोणीतरी बिअर घेऊन पुढ्यातून जातो. ज्यांना फक्त जिंकण्याचा आनंद हवा आहे त्यांच्यासाठी या शहरात याहून बरे क्लब आहेत. पाचपैकी तारे द्यायचेच तर मैदानावरच्या खेळाला दोन, खुर्चीला चार आणि शेजाराला पाच.

नूतनीकरण मी कालच केले. अर्जात जागा बदलून हवी आहे का, असा एक रकाना होता. तो रिकामा ठेवला आणि वडिलांच्या नावाने एका पाहुण्याच्या तिकिटाची चौकशी केली, कारण ते जुलैत पुन्हा येणार आहेत आणि जग्गा धावायला लागला का, हे त्यांना आतापासूनच विचारायचे आहे.